स्टायलस घेताना या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडवर मी शनिवार-रविवार स्केचिंगचा क्लास घेतो. हल्ली निम्मी मुलं वहीऐवजी टॅब्लेट आणि त्यावर लिहायचं पेन, म्हणजे स्टायलस, घेऊन येतात आणि प्रत्येक बॅचला तेच रडगाणं असतं, "सर, पेन नीट चालत नाहीये." पेन बहुतेक वेळा ठणठणीत असतं. घोळ घेतानाच झालेला असतो.

टॅब्लेट न बघता पेन घेणं

मागच्या दिवाळीनंतर सिडकोतल्या एक ताई मुलीला घेऊन आल्या. टॅब्लेट गॅलेक्सी टॅब ए९ आणि सोबत वेगळं विकत घेतलेलं एस पेन. दुकानदाराने सांगितलं होतं, "सॅमसंगचं पेन सॅमसंगला चालणारच की!" पोरगी काचेवर पेन घासतेय, टोकाचा टकटक आवाज येतोय, पण रेघ काही उमटत नाही. ब्लूटूथ चारदा बंद-चालू करून झालं होतं, टॅब्लेट रीसेट मारून झाला होता. त्यात तिचे सहलीचे फोटोही गेले.

ताईंना म्हटलं, यात पोरीचा काही दोष नाही. एस पेनला रेघ ओढायला बॅटरी लागतच नाही. ज्या टॅब्लेटला ते चालतं, त्याच्या स्क्रीनखाली एक वेगळा थर असतो. त्या थराच्या चुंबकीय क्षेत्रातून पेनमधल्या कॉइलला वीज मिळते आणि टोक कुठे आहे ते टॅब्लेटला कळतं. ए९ मध्ये तो थरच नाही, मग सेटिंगमध्ये कितीही शोधलं तरी तो उगवणार कुठून? टॅब एस६ लाइट घेतला असता तर पेन खोक्यातच मिळालं असतं. खोकं फोडलेलं, म्हणून दुकानदाराने पेन परत घेतलं नाही. ताई ते माझ्याकडेच ठेवून गेल्या. नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी ते सगळ्यांना दाखवतो.

आयपॅडवाल्यांनी हसू नये. ॲपलच्या पेन्सिली चार प्रकारच्या आहेत आणि प्रत्येक पेन्सिल प्रत्येक आयपॅडला चालतेच असं नाही. दहाव्या पिढीच्या आयपॅडला दुसऱ्या पिढीची पेन्सिल चालत नाही, पण २०१५ सालची पहिली चालते, तीही अडॅप्टर लावून! दुकानात जाण्याआधी सेटिंगमध्ये 'अबाउट' उघडा आणि मॉडेलचं नाव कागदावर लिहून घ्या. "तो निळ्या कव्हरचा आयपॅड" एवढ्यावर पेन घ्यायला जाणारे मी पाहिलेत.

टिल्टला दाब समजणं

यात मी स्वतः आपटलोय. नेहमीच्या पेन्सिलीला जोड म्हणून काही शे रुपयांचं एक पेन घेतलं होतं. जाहिरातीत टिल्ट (पेन तिरकं धरलं की रेघ रुंद होणं), मॅग्नेट, पाम रिजेक्शन (तळहात टेकला तरी रेघ न उमटणं) सगळं होतं. दाबाचं, म्हणजे प्रेशरचं (जोर देऊ तशी रेघ जाड-बारीक होण्याचं), अवाक्षर नव्हतं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. एका सकाळी गोदाघाटावर नारोशंकराचं देऊळ काढायला बसलो तर मूळ पेन्सिल चार्ज नव्हती, म्हणून हे काढलं. शिखराच्या बाहेरची रेघ जेवढी जाड, तेवढीच त्यावरच्या बारीक नक्षीची. घंटेचा गोलावा दाखवायला जोर दिला तरी रेघ ढिम्म. तासाभराने जे तयार झालं ते तार वाकवून केलेल्या देवळासारखं दिसत होतं.

आयपॅडसाठी इतर कंपन्यांची स्वस्त पेनं मिळतात, त्यांत बहुतेक हीच गत असते. ॲपलच्या यूएसबी-सी पेन्सिलीतही दाब नाही. नोट्स काढायच्या असतील तर काहीही बिघडत नाही, खुशाल घ्या. चित्रं काढायची असतील तर मात्र पैसे साठवा आणि थांबा. हे 'थांबा' कुणाला ऐकायचं नसतं. दाब नसलेलं पेन घ्यायचं, मग रेघ जिवंत वाटत नाही म्हणून चित्रांच्या ॲपसाठी ब्रश पॅक, म्हणजे तयार ब्रशांचे संच, डाउनलोड करत बसायचं. ब्रश तरी काय करणार? हात किती दाबलाय हे त्याला सांगायला कुणी नको का?

दुकानात नुसती सही करून बघणं

सही आपण झरझर करतो, त्यात पेनचे दोष झाकले जातात. मी पट्टी ठेवून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढतो. भिकार पेन असेल तर रेघ सापासारखी वळवळते. मग 'गंगा' आणि 'चिंच' असे शब्द लहान अक्षरांत, हलक्या हाताने लिहितो. अनुस्वार म्हणजे काचेला टोक जेमतेम लागणं, आणि तिथेच खूप पेनं नापास होतात. गंगेची 'गगा' झाली की पेन काउंटरवर ठेवून मी निघतो. दुकानदार वैतागतात, वैतागू देत.

बाकीचं थोडक्यात. रबरी बोंडाचं पेन नोट्ससाठीही घेऊ नका, ते म्हणजे बोटच, फक्त लांब. कागदासारखी खरखरीत फिल्म लावलीत तर टोक लवकर झिजणार, जादा टोकं आधीच घेऊन ठेवा. परीक्षा संपली म्हणून पेन चार महिने ड्रॉवरमध्ये टाकू नका, बॅटरी पूर्ण उतरून कायमची बसू शकते.

आणि पावसाळ्यात घाटावर टॅब्लेट काढू नका. काचेवर थेंब पडले की टॅब्लेटला तीही बोटंच वाटतात आणि पान आपोआप झूम होत राहतं. गोदावरीच्या पुराचा अंदाज ज्याच्यावरून घेतात त्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढायला लागलं की मी वही आणि ४बी पेन्सिल घेऊन जातो.