एमजीबीचा ओव्हरड्राइव्ह लागत नाही? आधी वायर बघा, गिअरबॉक्स नंतर

१९६८ नंतरच्या एमजीबीत (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसणारा इंजिनचा वेग कमी ठेवणारा जादा गिअर, असेल तर तो लेकॉक कंपनीचा एलएच टाइप असतो. तो लागेनासा झाला की लोक लगेच गिअरबॉक्स उतरवायच्या गोष्टी करतात, आणि एमजीबीत त्यासाठी इंजिनसकट सगळं बाहेर काढावं लागतं, म्हणून प्लीज आधी हे करा.

पहिलं ऑइल. गिअरबॉक्स आणि ओव्हरड्राइव्हचं ऑइल एकच असतं, २०डब्ल्यू-५० चालतं. लेव्हल कमी असली की प्रेशर बनत नाही. घर्षण कमी करणारं कुठलंही ॲडिटिव्ह टाकू नका, ओव्हरड्राइव्हच्या आतला, घर्षणावर पकडणारा कोन क्लच स्लिप होतो.

मग इंजिन बंद, इग्निशन ऑन, चौथा गिअर टाका आणि ओव्हरड्राइव्हचं बटण खालीवर करत कान देऊन ऐका, गिअरबॉक्सकडून बारीक 'टिक' यायला हवं. आलं तर सोलेनॉइड (विजेवर चालून ओव्हरड्राइव्ह लावणारा भाग) जिवंत आहे. नाही आलं तर बॅटरीवरून सोलेनॉइडला थेट १२ व्होल्ट द्या, आता टिक झालं म्हणजे दोष वायरिंगमध्ये, बटणात नाहीतर गिअरबॉक्सवरच्या इनहिबिटर स्विचमध्ये (ओव्हरड्राइव्ह फक्त वरच्या गिअरलाच लागू देणारा स्विच). मला तर आधी त्या स्विचवरच संशय येतो, कारण त्याच्या वायरी गरम ऑइलच्या वाफेत वर्षानुवर्षं कडक होऊन तुटतात आणि वरून धड दिसतात, हलवून बघितल्याशिवाय कळतच नाही.

टिक येतंय तरी लागत नाही? मग ओव्हरड्राइव्हचं खालचं झाकण काढून आतली ऑइलची जाळी साफ करा.

आणि ओव्हरड्राइव्ह अडकून बसला असेल तर रिव्हर्स अजिबात टाकू नका, आतला वन-वे क्लच फुटतो. गाडी ढकलूनही मागे घेऊ नका.