जीआयएस नकाशावरून पाणीवितरणाचे मॉडेल उभारताना या चुका टाळा

जलवाहिनी कोठून जाते हे दाखवण्यासाठी जीआयएसचा (संगणकीय भौगोलिक माहिती प्रणालीचा) नकाशा काढलेला असतो, तर ती नेमकी कशाला जोडलेली आहे हे मॉडेलला, म्हणजे प्रवाह आणि दाब काढणाऱ्या संगणकीय प्रतिकृतीला, सांगावे लागते. पडद्यावर दोन रेषा एकमेकींना टेकलेल्या दिसल्या की नकाशाचे काम भागते. ईपानेट या मॉडेल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र दोन्ही वाहिन्यांच्या टोकाशी एकच नोड, म्हणजे जोडबिंदू, लागतो, रेषा किती जवळ आहेत याच्याशी त्याला काही कर्तव्य नसते. हा फरक लक्षात न घेता शेपफाइल (जीआयएस नकाशाची फाइल) आयात करणारे, एक बटण दाबून तयार झालेल्या फाइलला मॉडेल म्हणणारे आणि त्याच दुपारी दाबाचे रंगीत नकाशे वाटणारे उत्साही अभियंते मी सतत पाहतो. त्यांच्या चुका ठरलेल्या असतात, आणि त्या सर्व सारख्याच घातक नसतात.

सुटलेली जोडणी ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध चूक आहे. शाखावाहिनीचे टोक मुख्य वाहिनीपासून काही सेंटिमीटर अलीकडे थांबते, किंवा ते मुख्य वाहिनीच्या मधोमध टेकते पण त्या जागी मुख्य वाहिनीचे दोन भाग केलेले नसतात. ही चूक फार काळ लपत नाही, कारण तुटलेल्या भागातल्या नोडवर मागणी असली की ईपानेट इशारा देते आणि तिथले दाब इतके अशक्य येतात की कोणाच्याही नजरेत भरावेत. माझी खरी तक्रार या चुकीवर सर्रास होणाऱ्या उपायाबद्दल आहे. इशारे थांबावेत म्हणून स्नॅपिंगचा टॉलरन्स, म्हणजे किती अंतरातली टोके आपोआप जोडायची ती मर्यादा, वाढवत नेला जातो, किंवा जिथे जिथे दोन रेषा छेदतात तिथे सरसकट नोड टाकणारी आज्ञा चालवली जाते. इशारे थांबतात, पण त्यांच्या जागी खोट्या जोडण्या तयार होतात, आणि खोटी जोडणी कधीही इशारा देत नाही.

अशा एका मॉडेलची तपासणी माझ्याकडे आली होती. उंच भागाच्या आणि सखल भागाच्या जलकुंभांची वितरण क्षेत्रे पूर्णपणे वेगळी होती. फक्त उंच भागाकडे जाणारी मुख्य वाहिनी एका चौकाखालून सखल भागाच्या वाहिनीला ओलांडून जात होती. प्रत्यक्षात एक वाहिनी वर आणि दुसरी बरीच खाली होती, पण सरसकट आज्ञेने तिथे नोड टाकला होता. चोवीस तासांच्या विश्लेषणात उंच भागाचा जलकुंभ पहाटेपर्यंत कोरडा पडत होता. कुंभ अपुरा आहे असा निष्कर्ष काढून नव्या, मोठ्या कुंभाचा प्रस्तावही लिहून तयार होता. कुंभ रिकामा होतो तर त्यातले पाणी जाते कोठे, हा साधा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. प्रवाहाच्या दिशेचे बाण पाहिले तेव्हा उंच भागाचे पाणी त्या चौकातून सखल भागात उतरताना स्पष्ट दिसले. तिथल्या व्हॉल्व्हमनला विचारल्यावर त्याने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले की या दोन वाहिन्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. तो एक नोड काढल्यावर जुना कुंभ पुरेसा ठरला.

तेव्हापासून मी कोणतेही मॉडेल पाहताना सर्व छेदनबिंदूंची यादी आधी मागतो. प्रत्येक छेदनबिंदूवर दोन्ही वाहिन्यांचा व्यास, खोली आणि वितरण क्षेत्र समोर ठेवून जोड आहे की नाही ते ठरवायचे; शंका राहिली तर जागेवर जाऊन किंवा व्हॉल्व्हमनला विचारून ती फेडायची. टॉलरन्स लहानच ठेवायचा आणि त्यात न बसलेली टोके एकेक करून डोळ्यांनी पाहायची. हे काम कंटाळवाणे आहे, पण ज्याला या कामाचा कंटाळा आहे त्याने मॉडेलच्या निष्कर्षांवर सही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक व्यासाची आहे, आणि ती चांगल्या अनुभवी लोकांकडूनही होते. जीआयएसच्या सारणीत व्यासाच्या रकान्यात जो आकडा असतो तो बहुधा नाममात्र व्यास असतो, आणि एचडीपीई या प्लास्टिकच्या नळांच्या बाबतीत तो बाहेरचा व्यास असतो. 110 मिलिमीटरचा एसडीआर 11 वर्गाचा (बाहेरचा व्यास भिंतीच्या जाडीच्या 11 पट असलेला) नळ घेतला, तर त्याच्या भिंतीची किमान जाडी 10 मिलिमीटर असते. म्हणजे पाण्याला मिळणारा आतला व्यास 90 मिलिमीटरच्या आसपासच उरतो. हेझन-विल्यम्सच्या सूत्रात घर्षणाने होणारी दाबाची घट व्यासाच्या 4.87 व्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, त्यामुळे तेवढ्याच प्रवाहासाठी खरी घट मॉडेलमधल्या घटीच्या सुमारे 2.66 पट निघते. दाब इथे पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत मोजतात; मॉडेल 3 मीटर घट दाखवत असेल, तर जागेवर सुमारे 8 मीटर दाब जातो.

याहून वाईट गोष्ट पुढे घडते. जागेवर मोजलेला दाब मॉडेलपेक्षा कमी आला की घाईत असलेला माणूस त्याच सूत्रातला सी गुणांक (नळ जितका गुळगुळीत तितका हा आकडा मोठा) कमी करत जातो. वरच्या उदाहरणात प्लास्टिकच्या नव्या नळाचा सी 150 वरून 88 पर्यंत ओढला की आकडे चपखल जुळतात आणि मॉडेलचे अंशांकन झाले, म्हणजे ते मोजमापांशी जुळवले गेले, असे अहवालात लिहिले जाते. 88 हा गंजलेल्या जुन्या बिडाच्या नळाला शोभणारा आकडा आहे. गुळगुळीत प्लास्टिकच्या नळात तो दिसणे हीच काहीतरी चुकल्याची खूण मानायला हवी. शिवाय व्यास चुकीचाच राहिल्याने नळातल्या पाण्याचे आकारमान जवळजवळ दीडपट धरले जाते, पाणी नळात प्रत्यक्षापेक्षा जास्त वेळ राहते असे मॉडेल मानते, आणि टोकाकडच्या उर्वरित क्लोरीनचा अंदाज बिघडतो. म्हणून माझ्या कामात व्यासाचे दोन रकाने असतात, एक नोंदीतला आणि एक आतला, आणि दुसरा रकाना साहित्य व दाबवर्ग पाहून भरल्याशिवाय मी फाइल पुढे जाऊ देत नाही. ज्या वाहिनीचा व्यास नोंदलेलाच नाही तिथे सरासरी भरणे हा तर निव्वळ आळस आहे. अलीकडची आणि पलीकडची वाहिनी व टाकल्याचे वर्ष पाहिले तर बहुतेक वेळा उत्तर मिळते.

नोडच्या उंचीच्या बाबतीत एवढे लक्षात ठेवावे की 1 मीटरची चूक म्हणजे दाबात 1 मीटरची चूक, आणि ती कोणत्याही गुणांकाने झाकता येत नाही. फेब्रुवारी 2000 मध्ये अंतराळयानातून झालेल्या एसआरटीएम मोजणीची उंची फुकट मिळते म्हणून सर्रास वापरली जाते, पण दाट वस्तीत ती जमिनीपेक्षा छपरांच्या आणि झाडांच्या जवळची असते. त्याहून धोकादायक आहे ती सरमिसळ: जलकुंभाची पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली आणि नोडची उंची जीपीएसच्या विवृत्ताभापासून (पृथ्वीच्या गणिती आकारापासून) मोजलेली. या दोन संदर्भांत जगातल्या काही भागांत कित्येक दहा मीटरांचा फरक असतो.

लांबीचा रकाना रेषेच्या भूमितीवरून काढताना प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याची पद्धत, तपासावे. अक्षांश-रेखांशातल्या स्तरावर साध्या भूमितीने मोजलेली लांबी अंशांत निघते, ती चूक निदान लगेच दिसते. वेब मर्केटर या ऑनलाइन नकाशांच्या प्रक्षेपणात मात्र ती मीटरमध्येच निघते आणि 20 अंश अक्षांशावर सुमारे 6 टक्के, तर 60 अंशांवर दुप्पट भरते. स्थानिक यूटीएम पट्ट्यात (त्या भागापुरत्या, मीटरमधल्या प्रक्षेपणात) आणल्याशिवाय लांबी मोजू नये.

नकाशातला व्हॉल्व्ह हा बिंदू असतो, तर ईपानेटमधला व्हॉल्व्ह हा दोन नोडांमधला दुवा असतो. साध्या बंद-चालू व्हॉल्व्हसाठी वेगळा घटक टाकायची गरज नाही, वाहिनीची स्थिती बंद ठेवली की झाले. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह थेट टाकीला जोडू नये, ईपानेट तो स्वीकारत नाही. नोंदीत सगळे व्हॉल्व्ह उघडे दिसत असतील, तर त्याचा अर्थ ती माहिती कोणी भरलेलीच नाही, असा घ्यावा.

मागणी जवळच्या नोडला वाटताना मुख्य प्रवाही वाहिन्यांवरचे नोड आधी वगळावेत, कारण त्यांवर घरगुती जोडण्या नसतात. एकावर एक दोनदा काढलेल्या रेषा आणि वापरातून काढलेल्या वाहिन्या आयात करण्यापूर्वीच पुसाव्यात. प्रवाहाचे एकक गॅलनचे ठेवले की ईपानेट व्यास इंचांत वाचते, हेही तपासावे.

एक सवय मात्र मी प्रत्येकाला आग्रहाने लावतो. मॉडेल पहिल्यांदा चालवताना मागणीचा गुणक शून्य ठेवावा आणि पंप बंद ठेवावेत. पाणी वाहत नसेल तर घर्षण नाही, म्हणून एकाच कुंभाच्या क्षेत्रातल्या प्रत्येक नोडवरचा दाब हा कुंभातल्या पाण्याची पातळी वजा नोडची उंची एवढाच यायला हवा. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या पुढे नेमलेल्या दाबाने ठरलेली पातळी धरावी. उंचीच्या चुका या एका धावेत उघड्या पडतात, आणि दोन कुंभांमध्ये प्रवाह दिसला तर दोन क्षेत्रांच्या मध्ये कोठेतरी खोटी जोडणी आहे किंवा हद्दीवरचा बंद व्हॉल्व्ह मॉडेलमध्ये उघडा राहिला आहे. ही धाव स्वच्छ निघेपर्यंत सी गुणांकाला हात लावू नये.