लांबच्या रोजच्या प्रवासासाठी इलेक्ट्रिक दुचाकी निवडताना

स्वारगेट किंवा हडपसर परिसरातून चाकणच्या एमआयडीसीत कामाला जाणाऱ्याचे जाऊन-येऊन रोज सुमारे ७० किलोमीटर होतात. इतका प्रवास असलेल्या माणसाने इलेक्ट्रिक दुचाकी घेताना शोरूमच्या आधी सर्व्हिस सेंटर गाठावे, असे माझे स्पष्ट मत आहे. गाडी बंद पडून आठवडाभर सुट्या भागाची वाट पाहत उभी राहिली, तर पेट्रोलवर वाचवलेले पैसे रिक्षा आणि बुडालेल्या हजेरीत जातात.

पहिला निर्णय वेगाचा आहे. मोटर २५० वॅटपेक्षा कमी क्षमतेची, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि प्रकाराला चाचणी संस्थेची मान्यता असेल, तर त्या गाडीला नोंदणी लागत नाही आणि चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. सोसायटीतून बाजारापर्यंत जायला ती ठीक आहे. पुणे-नाशिक महामार्गावर कंटेनरच्या रांगेत ती धोक्याची आहे. काही दुकानदार वेगाची मर्यादा काढून देतात. तसे केल्यास ती कायद्याच्या दृष्टीने बिननोंदणीचे मोटार वाहन ठरते आणि अपघात झाल्यास विम्याचा आधार उरत नाही. म्हणून हिरव्या नंबरप्लेटची, ताशी ६० किलोमीटरचा वेग सहज टिकवणारी नोंदणीकृत स्कूटरच घ्यावी.

जाहिरातीतील रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, चाचणीच्या ठरावीक परिस्थितीत मोजलेली असते. आपला हिशेब आपणच करावा. ताशी ५५ ते ६० च्या वेगाने स्कूटर किलोमीटरला साधारण ३५ वॅट-तास वीज घेते असे धरले, तर ७० किलोमीटरला २,४५० वॅट-तास लागतात. बॅटरी तळाशी २० टक्के शिल्लक राहिली पाहिजे आणि काही वर्षांनी तिची क्षमता पाचव्या हिश्श्याने घटेल, हे दोन्ही गृहीत धरल्यास सुमारे ३.८ किलोवॅट-तासांची बॅटरी घ्यावी लागते. मात्र कामाच्या ठिकाणी चार्जिंगची सोय झाली, तर एका बाजूच्या ३५ किलोमीटरपुरताच विचार करावा लागतो आणि दोन किलोवॅट-तासांच्या आसपासची बॅटरी पुरते. गाडीच्या किमतीतला मोठा हिस्सा बॅटरीचा असल्यामुळे गाडी पाहण्याआधी कंपनीच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा एक प्लग मिळेल का, हे लेखी विचारून घ्यावे. स्वस्तात गाडी मिळवण्याचा याहून सरळ मार्ग मला दिसत नाही. फ्लॅटखाली प्लग नसणाऱ्यांनी काढून वर नेता येणारी बॅटरीच पाहावी.

लेड-ॲसिड बॅटरीची गाडी कितीही स्वस्त असली तरी रोजच्या लांब प्रवासासाठी घेऊ नये. ती लवकर दम तोडते. लिथियममध्ये एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकार त्याच क्षमतेला थोडा जड असतो, पण चार्ज-डिस्चार्जची अधिक आवर्तने झेलतो आणि उष्णतेतही तुलनेने स्थिर राहतो, म्हणून रोज चार्ज होणाऱ्या गाडीला तो मला अधिक योग्य वाटतो. त्यापुढचा प्रश्न दुरुस्तीचा: बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या सेलवर लक्ष ठेवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, बिघडला तर तेवढाच बदलून मिळतो की अख्खा बॅटरी पॅक बदलावा लागतो? काही पॅकमध्ये सेल चिकट रसायनात पूर्ण बुडवलेले असतात. कंप आणि पाण्यापासून त्याने संरक्षण मिळते, पण आतला एखादा भाग बदलणे जवळजवळ अशक्य होते. नव्या पॅकची आजची किंमत विचारून तिला वॉरंटीच्या किलोमीटरने भागावे. समजा पॅक ६०,००० रुपयांचा आणि वॉरंटी ६०,००० किलोमीटरची असेल, तर विजेव्यतिरिक्त किलोमीटरला एक रुपया बाजूला ठेवावा लागेल. दोन गाड्यांची खरी तुलना या आकड्यावरून होते.

हब मोटरच्या, म्हणजे चाकातच मोटर असलेल्या गाडीत बेल्ट किंवा चेन नसते, त्यामुळे देखभाल कमी. पण मागचे चाक उतरवणे हे तिथे वेगळेच काम होऊन बसते. गाडी मेन स्टँडवर घेऊन खाली वाकून पाहावे. ॲक्सलमधून (चाकाच्या आसातून) बाहेर येणारी मोटरची जाड केबल आधी थोडी खाली झुकून मग वर गेलेली असावी, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोळातून गळून जाते आणि मोटरमध्ये शिरत नाही. अनोळखी हाताने चाक उतरवताना हीच केबल पिळली जाते. म्हणून टायर ट्यूबलेसच असावेत, ज्यायोगे बहुतेक पंक्चर चाक न काढता निघतात. टायरचा आकार आणि ब्रेक शू किंवा पॅड बाजारात सर्रास मिळणारे असावेत.

सर्व्हिस सेंटरमध्ये शनिवारी सकाळी जावे, कारण त्या वेळी गाडीमालक तिथे भेटतात. त्यांना सुटा भाग यायला किती दिवस लागले एवढेच विचारावे. काउंटरवर कंट्रोलर (मोटरला जाणारी वीज नियंत्रित करणारा भाग), चार्जर आणि डिस्प्ले या तिन्हींची किंमत मागावी; ती सांगायला टाळाटाळ झाली तर ती गाडी यादीतून काढावी. नवा कंट्रोलर बसवल्यावर गाडी कंपनीच्या संगणकाला जोडावी लागते का, हेही विचारावे, कारण तसे असल्यास गल्लीतला कुशल मेकॅनिकही तिथे हतबल ठरतो.

टेस्ट राइड पूर्ण चार्ज असलेल्या गाडीची देतात. चार्ज २० टक्क्यांच्या खाली असताना पुन्हा एक फेरी मागावी, कारण अनेक गाड्या त्या टप्प्यावर वेग कमी करतात आणि संध्याकाळी घरी परतताना आपण नेमके तिथेच असतो. बुकिंगची रक्कम देण्यापूर्वी बॅटरी वॉरंटीचा पूर्ण मजकूर हातात घ्यावा आणि क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यास पॅक बदलून मिळेल, ती मोजणी कोण करणार व पाणी शिरल्यास वॉरंटी लागू राहते का, ही तीन वाक्ये शोधून त्यांवर विक्रेत्याची सही घ्यावी.