स्लोवर थरथरणारी सोळा-तेरा आणि माझे वाया गेलेले अडीच दिवस

आयटीआयचा मेकॅनिक डिझेल ट्रेड एक वर्षाचा, त्या वर्षात इंजिन खोलायचं कसं ते नीट शिकवतात पण चालू इंजिन ऐकायचं कसं ते कोणी शिकवत नाही, ते बाहेर पडल्यावर धक्के खाऊनच कळतं. मी ठाण्यातून आयटीआय करून कळंबोलीला स्टील मार्केटजवळ एका गॅरेजात लागलो, म्हणजे सकाळी ठाणे-पनवेल लोकल, मानसरोवरला उतरून रिक्षा, आणि नऊ वाजता अंगावर कालचाच कळकट शर्ट. ह्या लाइनमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी पहिल्या दोन महिन्यांतला एक किस्सा लिहितोय, कारण जुन्या गाड्यांची निम्मी कंप्लेंट एकच असते, "स्लोवर थरथरते", म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू ठेवलं की हलते.

ऑगस्ट होता, चार दिवस पाऊस थांबला नव्हता. जेएनपीटी बंदरावरून तळोज्याला स्टीलच्या कॉइल मारणारी एक जुनी सोळा-तेरा (टाटाचा १६१३ ट्रक) आली, सहा सिलेंडर, साधा मेकॅनिकल इनलाइन पंप (सगळ्या सिलेंडरांना दाबाने डिझेल पाठवणारा). ड्रायव्हर म्हणाला, "स्लो पे बहुत काँपती है, केबिन का शीशा बजता है." रेस दिली की बऱ्यापैकी साफ, सोडली की पूर्ण केबिन नाचायची. आमचे मेस्त्री, त्यांना सगळे मामा म्हणतात, तेव्हा गावाला गेलेले आणि मला वाटलं हीच संधी आहे काहीतरी करून दाखवायची.

मला एक टेस्ट येत होती. गाडी स्लोवर ठेवायची आणि एकेका नोझलच्या (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतो तो) पाइपचं नट पान्याने अर्धा-पाऊण आटा ढिलं करायचं, म्हणजे त्या सिलेंडरचं डिझेल बाहेर गळतं आणि तो सिलेंडर बंद होतो. आवाज पडला तर तो सिलेंडर काम करत होता, काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. (नटवर फडकं टाका, डोळ्यांवर चष्मा लावा आणि पाइपच्या तोंडासमोर बोट अजिबात नको. त्या प्रेशरचं डिझेल कातडीच्या आत घुसतं, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, आणि तसं झालं तर घरी हळद लावून बसू नका, थेट हॉस्पिटल.) तर मी सहाही नटं फिरवली. पहिल्यांदा चार नंबर मेलेला वाटला, परत केलं तर चार बरोबर आणि दोन मेलेला. मी म्हटलं ठीक आहे, दोन्ही नोझल गेलेत.

इथेच चुकलो. नोझल खराब असेल, कॉम्प्रेशन डाऊन असेल, टॅपेट (वॉल्व्हची फट) टाइट असेल तर मिसिंग (सिलेंडर पेटायचा चुकणं) दर वेळी त्याच सिलेंडरला येणार, ठेका एकसारखा येणार, धक-धक-धक-फुस, धक-धक-धक-फुस. कधी हा कधी तो असं फिरतं मिसिंग असेल तर सिलेंडरकडे बघूच नका, सगळ्यांना मिळून जे जातं तिथे घोळ आहे, म्हणजे डिझेल लाइन. हे एक वाक्य मला तेव्हा माहीत असतं तर अडीच दिवस वाचले असते.

पण मी सहाही नोझल काढले, टेस्टिंगला पाठवले. दोघांचं प्रेशर थोडं कमी निघालं (जुन्या गाडीत निघणारच), सेट करून आणले, नवीन तांब्याचे वायसर (वॉशर) टाकून बसवले. एक वायसर जुना आत हेडमध्येच चिकटून राहिलेला, वर नवीन टाकला असता तर दोन झाले असते आणि नोझल वर उचलला गेला असता, तेवढं नशिबाने दिसलं. स्टार्ट केली, तीच थरथर. मग मी शेठला ठासून सांगितलं की पंपच गेलाय. पंप उतरवला, तुर्भ्याला पंपवाल्याकडे गेला, दुसऱ्या दिवशी परत आला, पंप ओके. टायमिंग मिळवून बसवला, एअर काढली, स्टार्ट केली. दहा मिनिटं मस्त आणि मग परत शीशा वाजायला लागला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा आले. पान्याला हातसुद्धा लावला नाही, आधी ड्रायव्हरला चहा सांगितला आणि विचारलं, "सुबह स्टार्ट कैसे होती है?" तो म्हणाला, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, नाहीतर खाली उतरून लाइनमध्ये डिझेल भरायचा हँड पंप पंधरा-वीस वेळा मारायचा मग होते. मामांनी माझ्याकडे बघितलं. "हे विचारलंस का रे तू?" नव्हतं विचारलं.

रात्रभर उभ्या गाडीतलं डिझेल मागे टाकीत उतरत असेल तर लाइनमध्ये कुठूनतरी हवा शिरतेय. आता नवीन मुलांचा गोंधळ इथे होतो की लीकेज म्हणजे डिझेल टपकलेलं दिसलं पाहिजे. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) लाइन ओढणारी असते, सक्शन. तिथे बारीक चीर असेल तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि पाइप बाहेरून कोरडा ठणठणीत दिसतो. फीड पंपाच्या पुढे फिल्टर आणि तिथून मोठा पंप, ही बाजू दाबाची, तिथे लीक असेल तर चालू गाडीत ओलं दिसणारच. मामांनी फीड पंपाच्या आधी हातभर पारदर्शक पाइप जोडला, टाकीकडचं तोंड आणि पंपाकडचं तोंड दोन्हीला क्लिप मारली आणि म्हणाले मार सेल्फ. गाडी चालू झाली आणि त्या पाइपातून सोड्याच्या बाटलीसारखे बुडबुडे, एक क्षण बंद, परत झुंडीने. बुडबुड्यांची झुंड गेली की दोन सेकंदांनी इंजिन लचकायचं, अगदी डोळ्यांनी दिसत होतं.

मग टाकीकडे सरकत गेलो. चेसिसजवळ लोखंडी पाइप आणि रबरी पाइप जिथे जोडतात तिथली क्लिप ढिली केली तर खाली रबर गोल चिरलेलं, क्लिपखाली झाकलेलं, बाहेरून काही कळायची सोयच नाही. नवीन रबरी पाइप दीडशे रुपयांचा. पंप उतरवण्या-चढवण्याची मजुरी शेठनी लावलीच नाही, गाडीमालकाला सांगणार काय. मामा ओरडले नाहीत, फक्त पुढचा आठवडाभर मला तांब्याचे जुने वायसर गॅसवर लाल करून पाण्यात टाकायच्या कामाला बसवलं (तापवून थंड केला की तांबं मऊ पडतं, परत सील धरतं).

स्लोवरच का थरथरते आणि रेसला का नाही, हे मी नंतर विचारलं. स्लोवर एका स्ट्रोकला इतकं थेंबभर डिझेल जातं की त्यात जरा हवा मिसळली तरी त्या सिलेंडरचा हिस्साच उडतो, शिवाय फेरे कमी म्हणून फ्लायव्हीलला तो खड्डा भरून काढता येत नाही. रेसला डिझेल जास्त, फेरे जास्त, खोट झाकली जाते. झाकली जाते, गेलेली नसते.

आता मी स्लोची कंप्लेंट आली की काय करतो ते सांगतो. आधी ड्रायव्हरशी बोलतो, सकाळी कशी होते, गरम झाल्यावर थांबते का, कुठे डिझेल भरलं. मग फिल्टरच्या खालून थोडं डिझेल बाटलीत काढून दहा मिनिटं ठेवतो, पावसाळ्यात हे पहिलंच, पाणी खाली बसलेलं वेगळं दिसतं. मग सायलेन्सर. पांढरा धूर आणि नाकाला झोंबणारा डिझेलचा वास म्हणजे जळत नाहीये, गरम झाल्यावर गेला तर नोझल किंवा कॉम्प्रेशन. निळा म्हणजे ऑइल जळतंय, काळा म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी, एअर फिल्टर तरी काढून बघा. मग पारदर्शक पाइप, आणि त्यानंतर नटं ढिली करायची. मेलेला सिलेंडर पक्का सापडला की टॅपेट आधी, फिलर गेजच्या पट्टीने फट मोजून (सहा सिलेंडरला १-६, २-५, ३-४ अशा जोड्या, सहाचे वॉल्व्ह हलताना दिसले की एकचे टॅपेट मिळवायचे), मग नोझल, मग कॉम्प्रेशन. पंप सगळ्यात शेवटी. आणि हो, इंजिन माउंटिंगचं रबर बसलं असेल तर इंजिन ठणठणीत असूनही केबिन नाचते, प्राय बार टाकून इंजिन उचलून बघा, एक मिनिटाचं काम.

नट ढिलं करायची ही टेस्ट फक्त जुन्या पंपाच्या गाडीला. कॉमन रेलच्या (कॉम्प्युटरने डिझेल सोडणाऱ्या) गाडीला चालू इंजिनात पाइपला पाना लावायचा नाही म्हणजे नाही, तिथे प्रेशर हजार बारच्याही वर जातं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ (धुराचे नियम) आलं, तिथे स्कॅनर लावूनच सिलेंडर बंद करून बघतात, तोही शिकून घ्या.

सोळा-तेराचं एक राहिलं. पाइप बदलल्यावर गाडी गुळगुळीत झाली पण स्लो फार वर, नऊशेच्या आसपास. आधी कोणीतरी थरथर लपवायला स्लोचा स्क्रू टाइट करून ठेवलेला, हे फार चालतं आपल्याकडे, डिझेल जातं मालकाचं. मामांनी स्क्रू मागे घेत सहाशेवर आणला. ड्रायव्हर घाबरला, इतका हळू आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता, बंद पडेल म्हणाला. गेला तसाच. अर्ध्या तासाने उरण फाट्यावरून फोन, "उस्ताद, सिग्नल पे खड़ा हूँ, बंद तो नहीं हुई, पर थोड़ा बढ़ा देते ना." मामांनी फोन माझ्या हातात दिला आणि चहा प्यायला गेले.