नदीकाठानं मदतफेरी काढताय? या चुका टाळा

कुणाच्या ऑपरेशनसाठी, कुठं शाळेच्या छपरासाठी पैसे उभे करायला कर्नाटकातल्या निपाणी भागात वेदगंगेच्या काठानं चालत फेरी काढतात. हेतू चांगला, पण चुका ठरलेल्या.

पहिली मार्गाची. मोबाईलच्या नकाशात नदीच्या कडेनं बोट फिरवलं की झाला मार्ग! अहो, काठाला वाट आहे कुठं? पाण्यापर्यंत ऊस, मध्ये पाणी उपसायच्या मोटारींच्या पाईपा आणि वायरी. चालायचं ते पाणंदीनं, आणि ती नदी सोडून कुठंही वळते.

त्यात बंधाऱ्यावरून पलीकडं जाणार असाल तर जास्तच जपा. जत्राट-भिवशी, अक्कोळ-सिदनाळ हे बंधारे मोठ्या पावसात पाण्याखाली जातात. निपाणीत ऊन असलं तरी वर भुदरगडात पाऊस झाला की इथं पाणी चढतं. परतीच्या पावसात एका मंडळानं आदल्या दिवशीचा फोटो बघून जत्राटचा बंधारा पक्का केला. सकाळी बघतात तर स्लॅबवरून गढूळ पाणी. नाष्ट्याचे डबे पलीकडं, माणसं अलीकडं. दोन-चार पोरं ‘गुडघाभरच हाय’ म्हणत पुढं सरली. वैरणीचा भारा घेऊन आलेल्या म्हाताऱ्यानं शिव्या घालून त्यांना मागं फिरवलं. मग यमगर्णीच्या पुलावरून वळसा, तोही हायवेनं, ट्रकांच्या कडेकडेनं. निम्मी फेरी तिथंच घरी गेली. मी निघायच्या पहाटे स्वतः बंधाऱ्यावर जातो. काठच्या शेतकऱ्यांनी मोटारी वर ओढून ठेवलेल्या दिसल्या की तो बंधारा सोडला. फोटोवर भरवसा ठेवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

नवे बूट घालून येऊ नका. काळी माती ओली असली की तळाला ढेकूळ धरते.

पैशाचा घोळ वेगळाच. कार्यकर्त्याच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर टी-शर्टवर छापणं बंद करा. फेरीनंतर हिशेबावरून मंडळं फुटतात. संस्थेच्याच खात्यात पैसे घ्या, पावतीपुस्तक सोबत ठेवा. ‘आयकरात सूट मिळते’ असं ठोकून देऊ नका. त्याला संस्थेकडं ८०जी मान्यता लागते, आणि २,००० रुपयांवरची रोख देणगी सुटीत धरत नाहीत.

पंचायत आणि पोलीस ठाण्याचा अर्ज कन्नडमध्ये लिहून न्या, काम लवकर होतं. ऊसतोड चालू असेल तर पाणंदीत ट्रॉल्या अडकलेल्या असतात, म्हणून उजाडायलाच निघा. आठ वाजता फीत कापायला येणाऱ्या पाहुण्यासाठी थांबू नका.