कार्यक्रमाचे तिकीट घेताना या चुका टाळा

गाजलेल्या कार्यक्रमाची तिकिटे मुंबईत पाहता पाहता संपतात आणि ज्यांना ती मिळाली नाहीत, त्यांच्यावरच भामट्यांचे लक्ष असते. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईतील नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झालेल्या ‘कोल्डप्ले’ या ब्रिटिश बँडच्या कार्यक्रमांची तिकिटे सप्टेंबर २०२४ मध्ये विक्रीस आली, तेव्हा २,५०० ते ३५,००० रुपयांची ती तिकिटे पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर लाखांच्या घरात दिसू लागली. अशा संकेतस्थळांशी आपला काहीही संबंध नाही, असे त्या तिकिटांची अधिकृत विक्री करणाऱ्या बुकमायशोने जाहीर केले आणि पोलिसांत तक्रारही दिली. तरीही ‘मित्राला जमत नाही म्हणून दोन तिकिटे देतो आहे’ असा निरोप व्हॉट्सॲपवर आला की भल्याभल्यांचा तोल जातो.

स्क्रीनशॉटला तिकीट समजणे

ही सर्वांत मोठी चूक आहे. तिकीट ही आयोजकाच्या यंत्रणेतील एक नोंद असते आणि फोनवरचा क्यूआर कोड ही त्या नोंदीची खूण असते. एकाच कोडचा स्क्रीनशॉट दहा जणांना विकता येतो. प्रवेशद्वारावर जो आधी पोहोचतो तो आत जातो आणि बाकीच्यांना ‘हे तिकीट आधीच वापरले गेले आहे’ एवढेच उत्तर मिळते. अनेक ठिकाणी कोड कार्यक्रमाच्या अगदी आधी ॲपमध्ये दिसू लागतो किंवा ठरावीक वेळाने बदलतो, त्यामुळे जुना स्क्रीनशॉट तिथे निरुपयोगी ठरतो. काही वेळा तर छापील तिकीटच लागते: २०२३ च्या क्रिकेट विश्वचषकात वानखेडेवरच्या सामन्यांसाठी ऑनलाइन नोंदणी केलेल्यांनाही छापील तिकीट बाळगावे लागले होते. म्हणून ओळखीच्या माणसाकडून तिकीट घ्यायचे असले, तरी ते अधिकृत ॲपमधून आपल्या खात्यावर हस्तांतरित करता येते का, एवढा एकच प्रश्न आधी विचारावा. येत नसेल, तर तो माणूस स्वतः सोबत येणार असेल तरच व्यवहार करावा. हाच नियम गरब्याच्या पासांनाही लागू आहे. २०२३ च्या नवरात्रात बोरिवलीत बनावट पास विकणाऱ्यांना पोलिसांनी अटक केली होती, आणि ते पास छापील होते.

स्वतःच्या खऱ्या तिकिटाचा फोटो उत्साहाने इन्स्टाग्रामवर टाकणे हीसुद्धा याच प्रकारातली चूक आहे, कारण त्यातला कोड कोणालाही उचलता येतो.

शोधात सर्वांत वर आलेली लिंक उघडणे

शोधयंत्रात वर दिसते ती पुष्कळदा जाहिरात असते. पत्त्यातले एखादे अक्षर बदलून हुबेहूब नकली संकेतस्थळ उभे करता येते, आणि पत्त्याजवळचे कुलुपाचे चिन्ह मालक प्रामाणिक असल्याची हमी देत नाही. विक्री कोठे होणार आहे, हे कलाकाराच्या किंवा आयोजकाच्या अधिकृत पानावर पाहून तिथूनच पुढे जावे. मराठी नाटकाच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे: दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ किंवा ठाण्याचे गडकरी रंगायतन जवळ असेल, तर खिडकीवर जाऊन, प्लॅनवर आपली खुर्ची दाखवून घेतलेल्या तिकिटाइतके निर्धास्त तिकीट दुसरे नाही.

पैसे भरण्यापूर्वी तारीख, वेळ आणि स्थळ पुन्हा वाचावे. जाहिरातीत ‘मुंबई’ असले तरी कार्यक्रम नेरूळला असू शकतो आणि परतीची शेवटची लोकल कोणासाठी थांबत नाही.

पैसे गेले, तिकीट आले नाही

घाईने लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी ॲपमधली ‘माझी बुकिंग’ नोंद, ईमेल आणि बँकेचा संदेश तपासावा. यूपीआयने विक्रेत्याला केलेल्या व्यवहारात खात्यातून रक्कम वजा झाली पण विक्रेत्याकडे त्याची पुष्टी पोहोचली नाही, तर ती व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यापुढच्या विलंबासाठी दररोज १०० रुपये भरपाई मिळते.

या काळात ग्राहक सेवेचा क्रमांक शोधयंत्रातून काढू नये, कारण तिथे भामट्यांनी पेरलेले क्रमांक असतात. ‘परताव्यासाठी हा कोड स्कॅन करून पिन टाका’ असे सांगितले, की फोन तत्काळ ठेवावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी तो कधीच लागत नाही. आपल्या फोनची स्क्रीन दुसऱ्याला दाखवणारे ॲप उतरवायला सांगणाऱ्याचे तर काहीही ऐकू नये.

फसवणूक झालीच, तर लाजेने गप्प बसू नये. १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करावा. जितक्या लवकर कळवले जाईल, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. सोबत आपल्या बँकेलाही कळवावे. यूटीआर क्रमांक (बँकेच्या नोंदीतला त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), विक्रेत्याचा यूपीआय आयडी, त्याचा मोबाइल क्रमांक आणि संपूर्ण चॅट जपून ठेवावे; रागाच्या भरात त्याला ब्लॉक करून चॅट पुसून टाकणाऱ्यांच्या हाती तक्रारीत जोडण्यासारखे काहीच उरत नाही.