विहिरीतला चार आणे हिस्सा घेताना

आमच्या तासगाव भागात विहिरीचा हिस्सा अजून आण्यांतच मोजतात. सोळा आणे म्हणजे सगळी विहीर, चार आणे म्हणजे पाव. आठ दिवसांची पाळी असली की चार आणेवाल्याला दोन दिवस पाणी. चुलतदिरांचा असा चार आणे हिस्सा आम्ही घेतला, तो स्टॅम्पवर नोटरी करून. पैसे दिले, पाणी सुरू झालं, कागद ट्रंकेत गेला. भाऊजी वारले तेव्हा कळलं, सरकारदरबारी हिस्सा त्यांचाच आहे. मग जाऊबाईंची, पुतण्याची आणि सासरी नांदणाऱ्या दोन्ही पुतण्यांची सही मिळवायला मी दीड वर्ष फिरले. त्या चौघांनी मन मोठं केलं म्हणून आमची द्राक्षबाग जगली.

म्हणून सांगते, आधी विहीर ज्या गटात आहे त्या गटाचा सातबारा काढा. पुष्कळ जण विकणाऱ्याच्या रानाचा उतारा बघतात आणि फसतात. विहीर दुसऱ्याच्या गटात असेल तर तिथल्या ‘इतर हक्क’ रकान्यात विकणाऱ्याचं नाव आणि हिस्सा पाहिजे. नसेल तर जुने फेरफार, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदी, काढून त्याला आधी नोंद करून घ्यायला सांगा. हिस्सा वडिलोपार्जित असेल तर बहिणींच्याही सह्या घ्या.

खरेदीखत दुय्यम निबंधकांकडेच नोंदवायचं, नोटरीनं मालकी येत नाही. विहिरीखालची जागाही घ्यायची असेल तर तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचा फार लहान तुकडा विकायला असलेली कायद्याची बंदी, आडवी येते, त्याची परवानगी आधी बघा.

खरी मेहनत खताच्या मजकुरावर घ्या. ‘विहिरीतील पाव हिस्सा’ एवढ्या तीन शब्दांवर पुढे भांडणं होतात. गट नंबर लिहा, आणे लिहा, पाळी कोणत्या वारी सुरू होते ते लिहा. आपल्याकडे शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. तुमच्या पाळीत लाईटच आली नाही तर ते पाणी बुडालं की पुढे मिळणार, हेही लिहा. मोटर कुठे बसणार, पाइपलाइन कोणत्या बांधानं जाणार, विहिरीवर जायची वाट कुठून. गाळ काढायचा, आडवे बोअर मारायचे, त्याचा खर्च आण्यांप्रमाणेच वाटायचा, हे वाक्य विसरू नका. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की पहिला वाद त्यावरूनच पेटतो. बाकीच्या हिस्सेदारांना साक्षीदार म्हणून न्या. पाइप तिसऱ्याच्या रानातून जात असेल तर त्याची संमती वेगळी नोंदवून घ्या. आज हो म्हणणारा माणूस रान विकून जातो.

खत झालं की तलाठ्याकडे फेरफार. हरकतीसाठी 15 दिवसांची नोटीस निघते, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. त्यानंतर नवा उतारा काढून हिश्शाचा आकडा स्वतः वाचा. मी वाचला तेव्हा पावाच्या जागी निम्मा पडला होता. चूक माझ्या फायद्याची होती, तरी त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज दिला. शेजाऱ्याचं पाणी आपल्या नावावर ठेवून झोप लागत नाही.

राहिला वीजपंपाचा मीटर. विकणाऱ्याची थकबाकी किती आहे ते खताआधी महावितरणच्या कार्यालयात विचारा आणि ती त्याला भरायला लावा. नावबदलाच्या अर्जावर त्याची सही खताच्या दिवशीच घ्या, नंतर माणूस सापडत नाही. किमतीतली थोडी रक्कम मागे ठेवा, आणि तुमच्या नावाचं पहिलं बिल आल्यावर ती देणार, असं खतातच लिहून घ्या.